जास्तीची केबल

९ नोव्हेंबर, रविवार

निधीचा बंगलोरहून फोन. ऑफिसवाले म्हणतायत, घरून काम करायचं तर खुशाल करा, पण घरी पक्कं इंटरनेट पाहिजे. मोबाईलवरचं चालणार नाही. आमच्या वटारच्या वाडीत मोबाईल उंच धरून विहिरीच्या कठड्यावर उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे रेंज येते. तिच्या तिथल्या फ्लॅटचा करार महिनाअखेर संपतोय. २८ तारखेपर्यंत मालकाला सांगायचं आहे, राहते की सोडते. तोवर आपल्याकडे फायबर लागलं तर मुलगी घरी. नाही लागलं तर आणखी वर्षभर बंगलोर.

शकूने फोन ठेवल्याठेवल्या निधीच्या खोलीतली सुपारीची पोती बाहेर ओढायला घेतली. मी म्हटलं, एवढी घाई कसली? मला व्यक्तिशः काही फरक पडत नाही. मुलगी कुठेही राहो, सुखात राहो.

संध्याकाळी निधीच्या खोलीतला पंखा पुसला. तो तसाही पुसायचाच होता.

संकल्प: फायबरचं सगळं काम माझ्या देखरेखीखाली होणार. माझी सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली. ताडपत्री न उचलता ट्रकात काय आहे ते मी सांगायचो. कांदे सांगायचो, आणि पुष्कळदा कांदेच निघायचे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. फारच गोड. म्हणाली, जोडणी फुकट. नेटचं खोकं फुकट. केबलसुद्धा फुकट. मी विचारलं, का? ती म्हणाली, ऑफर आहे सर. ऑफर का आहे, याचं उत्तर नाही.

नाक्यावर जो ड्रायव्हर आधी हसायचा, त्याचीच गाडी मी बाजूला घ्यायचो.

बुकिंग केलं. माणूस १८ तारखेला येणार. त्याच्या आत घर तयार पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज सर्व्हे. खोकं कुठे लावायचं? शकूचं मत, ओटीवर. ओटी म्हणजे अर्धा रस्ता! निधीने फोनवर सांगितलं की नेट भिंतीतून आरपार जातं. म्हणजे भिंतीपलीकडच्यालाही मिळतं. आणि भिंतीपलीकडे कोण? लुईस.

लुईसबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याच्या बापाने आणि माझ्या बापाने एकाच विहिरीवर वाड्या शिंपल्या. पण काल कुंपणावरून त्याने मला विचारलं, काय रामनाथ, नेट घेतोस म्हणे. मी कोणाला बोललो नव्हतो. याला कसं कळलं?

दुपारी कळलं. शकूने हेलनला सांगितलं, हेलनने नवऱ्याला. गळती घरातूनच आहे.

निर्णय: खोकं माजघरात. केबल आत येणार कोठीच्या खोलीच्या खिडकीतून, कारण ती खिडकी लुईसच्या ओटीवरून दिसत नाही. कोठीत तांदळाची पिंपं, मोडकी खुर्ची आणि मिक्सर आल्यापासून पडून असलेला पाटा-वरवंटा. तिथे कोणी फिरकत नाही. सुरक्षित जागा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

माजघराची भिंत रिकामी केली. तीन कॅलेंडरं काढली, त्यातलं एक कोणत्या सालचं ते विचारू नये. लोखंडी कपाट सरकवायला घेतलं. एकट्याने. कपाट उंबऱ्यात तिरकं अडकलं आणि मी कपाटाच्या पलीकडे. शकू बाजारात. बराच वेळ विचार करत उभा होतो, योजना जवळपास तयार झाली होती, तेवढ्यात लुईस आला. कोणी बोलावलं नव्हतं. कपाट खरवडल्याचा आवाज ऐकून आलो म्हणाला. त्याने एक बाजू उचलली, कपाट निघालं.

जाताना त्याने रिकामी भिंत नीट बघून घेतली. बरी आहे म्हणाला. भिंतीत बरं काय असतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

अंतिम तयारी. टीव्ही चादरीत गुंडाळला. पितळेची भांडी पलंगाखाली. शकू म्हणाली, नेट लावाला येतंय का धाड टाकाला येतंय?  अनोळखी माणूस शिडी घेऊन घरात येणार. शिडीवरून सगळं दिसतं.

शकूने तर अंगण सारवल्यासारखं झाडलं. उद्या पोहे करणार म्हणाली. मी बजावलं, काम होईपर्यंत खायला द्यायचं नाही. खाऊ घातलं की आपली नजर सैल होते. माणूस जेवतोय म्हटलं की आपण त्याच्यावर लक्ष ठेवत नाही.

मी लोकांवर संशय घेत नाही. मी फक्त खात्री करून घेतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

माणूस आला. नाव सुरज, राहणार आचोळे. ओळखपत्र मागितलं, त्याने दाखवलं. फोटोत दाढी, प्रत्यक्षात नाही. विचारलं तर म्हणाला, काका, दाढी काढली. ठीक आहे.

गल्लीतल्या खांबावरून केबल सरळ लुईसच्या माडावरून आपल्या घरात घेऊ, असं तो म्हणाला. लुईस कुंपणाशी उभाच होता. लगेच बोलला, घे ना, माड काय पळून जातोय? इतक्या सहज! मी नको म्हटलं. आज केबल त्याच्या माडावर. उद्या त्याचे नारळ माझ्या कौलांवर पडले की मला तोंड उघडायची सोय नाही. मी सुरजला माझ्याच सुपारींवरून, वाडीला पूर्ण वळसा घालून केबल घ्यायला लावली. तीन ठिकाणी त्याला लाल मुंग्या चावल्या. तो काहीतरी हिंदीत बोलला, ते मी सोडून दिलं.

शकूने मध्येच पोहे दिलेच. वर त्याच्या आईची चौकशी केली. त्याच्या आईला ही ओळखत नाही.

दुपारी खोक्यावर हिरवा दिवा. नेट चालू! लगेच निधीला व्हिडिओ लावला. चेहरा स्वच्छ. ती ओरडलीच, बाबा, भारी! तिच्या ऑफिसचे लोक सोमवारी, २४ तारखेला, दिवसभर इथलं नेट तपासणार. पास झालं की ती मालकाला फ्लॅट सोडते म्हणून कळवणार. शकू डोळे पुसत होती. मी सांगितलं, स्क्रीनला पाणी लागू देऊ नकोस.

एकच गोष्ट खटकली. काम संपवताना सुरजने खिडकीबाहेर केबलची चांगली मोठी गुंडाळी तशीच खिळ्याला टांगून ठेवली. मी विचारलं, ही जास्तीची कशाला? तो म्हणाला, एखादी सुपारी पडली, केबल ओढली गेली, तर कामाला येते. ही अशीच गोल, मोकळी राहू द्या काका, वाकवू-दुमडू नका. हे त्याने दोनदा सांगितलं. दोनदा का? तेवढ्यात लुईसने कुंपणावरून विचारलं, अरे, एवढी गुंडाळी? आणि सुरज हसला. लुईसही हसला.

मी दोघांकडेही बघून घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नीट विचार केला. फुकट देणारी कंपनी जास्तीचं कधी देत नाही. मग दिलं कोणी, आणि कोणासाठी? गुंडाळी लटकतेय त्या खिळ्यापासून लुईसचं कुंपण हाकेच्या अंतरावर. मी जरा विहिरीकडे गेलो, की केबल सोडून पलीकडे ओढायला कितीसा वेळ लागणार? वाकवू नका, दुमडू नका! म्हणजे यांना ती सरळ, तयार मिळायला हवी.

कारवाई केली. शकू फुलं तोडायला गेली असताना सगळी गुंडाळी खिडकीतून कोठीत ओढून घेतली. वीतभर लांबीच्या घड्या घातल्या, एकीवर एक. केबल आतून चिवट, वळेना. पण वाडीवाल्याच्या हाताला सैल बांधलेलं सहन होत नाही. केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळकी साल, भिजवून आणलं आणि माठाच्या भाजीची जुडी आवळतो तशी गुडघा देऊन आवळली. दोन्ही टोकांना, मध्ये पुन्हा एकदा. अशी जुडी बाजारात नेली तर गिऱ्हाईक शाबासकी देईल. मग भिंतीलगत ठेवून वर पाटा ठेवला. आता काढ म्हणावं.

शकूला सांगितलं नाही. ती हेलनला सांगते.

संध्याकाळी ६

खोक्यावर लाल दिवा. नेट बंद.

इतक्या लवकर! माल आत गेलेला दिसला आणि लगेच उलटा डाव टाकला. म्हणजे माझा संशय बरोबरच होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी केबलच्या मार्गाने सुपारीन् सुपारी तपासली. कुठे कापलेली दिसली नाही. हुशारीने केलेलं काम आहे. परतताना लुईस त्याच्या केळीत उभा. हातात कोयता. मी विचारलं, कोयता कशाला? तो म्हणाला, केळीचा लोंगर उतरवायला. लोंगर त्याच्या खांद्यावर होता हे खरं. पण कोयताही होता.

कंपनीत तक्रार नोंदवली. मुलगी आजही गोड बोलली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

लाल.

संध्याकाळी लुईसच्या ओटीवर हेलनने नाताळचा स्टार लावून बघितला. नाताळला महिना आहे! स्टार लुकलुकत होता. लाल, हिरवा, लाल, हिरवा. आमच्या खोक्यावर नुसता लाल. आमचा हिरवा कुठे गेला ते समोर दिसत होतं.

निधीला फोन करून विचारलं, नाताळचा स्टार दुसऱ्याच्या नेटवर चालतो का?  ती म्हणाली, बाबा, तुम्ही बरे आहात ना? आईला फोन द्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसची तपासणी. शकू सकाळपासून खोक्यासमोर पाट टाकून बसलेली. देव्हाऱ्याकडे पाठ. जेवली नाही. दिवा लालच. दुपारी निधीचा फोन आला, तपासणी फेल. पण शुक्रवारपर्यंत नेट चालू झालं तर परत करून घेते म्हणाली. बाबा, प्लीज बघा ना, म्हणाली.

तिने प्लीज म्हणायची काय गरज आहे? मीच तर बघतोय. मी सोडून दुसरं कोण बघतंय?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सुरज आला. आल्याआल्या त्याने खांबावर चढून यंत्र लावलं आणि म्हणाला, खांबापर्यंत केबलमधला लाईट व्यवस्थित येतोय, गडबड खांब ते घर यामध्ये आहे. हे तर मलाही माहीत होतं. मध्ये लुईस आहे.

मग विचारलं, काका, ती गुंडाळी कुठे गेली?

आला मुद्द्यावर! बाकी काही नाही, पहिला प्रश्न गुंडाळीचा. मी म्हटलं, कुठली गुंडाळी? तो म्हणाला, इथे खिळ्याला लावली होती. मी म्हटलं, मला कल्पना नाही. त्याने कोठीची खोली उघडायला सांगितली. मी म्हटलं, किल्ली बायकोकडे, बायको विरारला गेली. तेवढ्यात स्वयंपाकघरात शकूने फोडणी टाकली. चर्र आवाज झाला, वास आला. सुरजने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शेजारचा वास.

तो म्हणाला, मग नवीन केबल टाकावी लागेल, पण तुमच्या त्या लांबच्या रस्त्याला माणसं जास्त लागतील, पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही. आणि पोहे न खाता गेला.

गुंडाळी मात्र वाचवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लुईस घरात आला. हेलनकडून त्याला सगळं कळलेलं. म्हणाला, रामनाथ, उद्या शेवटचा दिवस ना? मी त्या सुरजला फोन केला होता. माझ्या माडावरून सरळ केबल टाकायची तर तो एकटा आत्ता येऊन तासाभरात टाकतो. पोरगी घरी येईल. हो म्हण.

शकू दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, की लग्नानंतर पहिल्यांदा तिने माहेरी जाऊ का विचारलं होतं तेव्हाचा चेहरा आठवला.

पण मी एकच गोष्ट विचारतो. लुईसकडे सुरजचा नंबर कसा? मी त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, त्याच दिवशी घेतला, निधीचं काम आहे म्हणून, काही अडलं तर असावा. म्हणजे संगनमत पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, माझं घर मी बघेन.  चपला घालताना तो शकूला म्हणाला, वहिनी, हेलनने निधीसाठी टेबलावरचं कापड विणायला घेतलंय, ते तसंच चालू ठेवायला सांगतो.

शकू रात्री माझ्याशी बोलली नाही. तिला मोठ्या गोष्टी दिसत नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाल.

दुपारी निधीचा फोन. मालकाला हो सांगितलं म्हणाली. वर्षभराचा करार. आवाज नेहमीसारखा ठेवला होता तिने. बाबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही किती धावपळ केलीत, म्हणाली.

वाईट वाटलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. फार वाईट वाटलं.

पंख्यावर परत धूळ बसलीय. आता पुसायची घाई नाही.

१ डिसेंबर, सोमवार

आज काय झालं ते क्रमाने, भावनेच्या आहारी न जाता लिहितो.

सकाळी शकू म्हणाली, पोरगी येत नाय तर निदान तिला ओल्या नारळाची नाय, सुक्या खोबऱ्याची लाल चटनी पाठवते, कुरियरने. आणि ती मिक्सरची नको, पाट्यावरची. निधीला फरक कळतो. मी वाडीत होतो. नाहीतर अडवलं असतं.

कोठीत जाऊन तिने पाटा उचलला. खाली जुडी. तिला वाटलं, मी बाजारासाठी काहीतरी बांधून ठेवलंय. सोपट सोडलं. केबल सुटी होऊन मोकळी पसरली. तेवढ्यात माजघरातून टीव्हीचा आवाज आला. सुरजने १८ तारखेला नेटला जोडून दिलेला टीव्ही तसाच चादरीखाली चालू राहिला होता, आणि तो आता चादरीखालून नेटवरच्या बातम्या देऊ लागला.

मी धावत आलो. हिरवा दिवा.

मी शकूला समजावलं, कंपनीने आत्ता मागून दुरुस्ती केली असणार.  ती वरवंटा हातात घेऊन उभी होती. मी म्हटलं, आपण शास्त्रीय पद्धतीने बघू. घड्या घालून जुडी परत आवळली, वर पाटा ठेवला. लाल. पाटा उचलला, सोडली. हिरवा. परत आवळली. लाल. सोडली. हिरवा.

निष्कर्ष: योगायोग.

शकू म्हणाली, आनखी किती वेळ करनार? मी थांबलो. तिने केबल हलक्या हाताने गोल करून बाहेर खिळ्याला टांगली, पाटा धुतला आणि चटणी वाटायला बसली. वाटताना जोर जास्त लावत होती. मी जवळ जाऊन बसलो. खोबरं सरकवून दिलं. तिने घेतलं.

दुपारी लुईस कुंपणाशी दिसला. मी हाक मारली नाही. काय सांगून हाक मारायची ते ठरत नव्हतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

हिरवा. एकदाही गेलेला नाही. कंपनी चांगली आहे असं म्हणायला हरकत नाही.

लुईसकडे जाऊन आलो. नेट चालू झालं एवढंच सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं. कशाने बिघडलं होतं ते त्याने विचारलं नाही. हे मला जरा संशयास्पद वाटलं. मग त्याने केळी दिली आणि मी ती घेऊन आलो.

७ डिसेंबर, रविवार

निधीचा व्हिडिओ कॉल. चटणी पोचली.

चित्र इतकं स्वच्छ की तिच्या खोलीतल्या भिंतीवरचे पोपडे दिसत होते. तिने नवीन टेबल घेतलंय. खुर्ची ऑफिसवाल्यांनी दिली. टेबलावर आमचा फोटो लावलाय, तो उलट्या बाजूने दिसत होता. पोरगी बारीक झालीय. एवढ्या स्वच्छ चित्रात तेही दिसतं.

तिने विचारलं, शेवटी झालं काय होतं? मी घसा साफ केला. माझ्याआधी शकूच बोलली. म्हणाली, उंदीर गो, उंदराने केबल दाबून धरलेली कोठीत. निधी हसली. मांजर पाळा म्हणाली. शकूही हसली, डोळ्याची पापणी न हलवता. एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं की हिला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं. यापुढे हिच्यावर नजर ठेवावी लागणार.

मग निधी म्हणाली, आता नेट चांगलं आहे, तर रोज असं बोलत जाऊ. पुढच्या वर्षी करार संपला की परत विचारते ऑफिसला, ते हो म्हणतील का माहीत नाही. शकू हो हो म्हणत होती. पदराने फोनची काच पुसत होती, काच स्वच्छच होती.

निधीने विचारलं, बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही?

मी म्हटलं, नेट अडकतंय.

नेट अडकत नव्हतं.